जित्या माणसाची घागर

माझं पार्लर मेहरूणमध्ये, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लग्नसराईत मी नवऱ्या सजवते आणि उरलेलं वर्ष हितेंद्रची भुतं. सामान दोघांना एकच लागतं. फरक इतकाच, की नवरीच्या डोळ्यांखालचं काळं झाकायचं असतं आणि भुताच्या डोळ्यांखाली ते नव्याने फासायचं असतं.

हितेंद्र माझा मावसभाऊ. लग्नाच्या व्हिडिओवर त्याचं पोट चालतं, पण जीव सगळा सिनेमात. या वर्षी त्याने चार गोष्टींचा एक भुताचा सिनेमा काढला होता. "पिंपळावरची हडळ आता कोण बघतं ताई? भूत शहरातलं पाहिजे," असं त्याचं म्हणणं. म्हणून एक भूत लिफ्टमध्ये, एक उड्डाणपुलाखाली, एक केळी पिकवायच्या कोल्ड रूममध्ये आणि चौथं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. चारही गोष्टींत मेलेला माणूस सूड घ्यायला येतो आणि शेवटी कुणाची तरी सुटका होते. चारही गोष्टी एकसारख्या आहेत असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "त्याला थीम म्हणतात." घ्या! ज्याला दहावीत निबंध जमला नाही तो मला थीम शिकवतो.

चौथी गोष्ट आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची होती. आखाजीला आपल्या खान्देशात घरोघर पितरांची घागर भरतात. लाल मातीची नवी घागर, वर खरबूज, त्यावर रव्याच्या गोड सांजोऱ्या. घरची बाई उंबरठ्यावर गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट उमटवते आणि त्याला जेवायला बोलावते. त्याच्या वतीने जेवायला कुणाला तरी पितर म्हणून बसवतात. हितेंद्रच्या गोष्टीत सागर नावाच्या पोराला त्याचे मित्र अर्धवट इमारतीवरून ढकलून देतात, आई आखाजीला त्याची घागर भरते, आणि पितर म्हणून तोच येऊन पाटावर बसतो. पोटभर जेवतो आणि मित्रांवरचा राग सोडून जातो.

शूटिंगही आखाजीच्याच दिवशी ठेवलं, कारण सगळ्यांना सुट्टी. आई व्हायला एक नाटकवाली बाई ठरली होती. तिचा सकाळी फोन आला. "आखाजीच्या दिवशी मी खोटी घागर भरणार नाही. माझ्या घरात लेकरंबाळं आहेत," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. हितेंद्र डोक्याला हात लावून बसला. मला मात्र त्या बाईचं म्हणणं पटलं होतं, आणि तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं.

पार्लरच्या खुर्चीत योगराज बसला होता. सागरचं काम त्याचंच. धुळ्याला, देवपुरात एका क्लासमध्ये तो गणित शिकवायचा आणि सुट्टीत नाटकं करायचा. मी त्याच्या तोंडाला पांढरा रंग लावत होते. रंग घामाने टिकत नव्हता, कारण बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तेवढ्यात दारातून मंदाबाई आत आली. हातात सांजोऱ्यांचा डबा.

मंदाबाई माझ्या पार्लरच्या मागे राहते. मूळची बोदवडकडची. तिची एकुलती एक पोरगी कामिनी माझ्याकडे कामाला होती. हाताला असा गुण, की गिऱ्हाईक माझं नाव सोडून तिचं नाव विचारत यायचं आणि मला त्याचा रागही येत नव्हता. कामिनीचं आणि योगराजचं जमलं होतं. मंदाबाई आधी रुसली, मग हसली, सुपारी फुटली. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या खरेदीला दोघं मोटरसायकलवर धुळ्याला गेले आणि येताना पारोळ्याच्या अलीकडे ट्रकने उडवलं. कामिनी जागेवर गेली. योगराजचा हात मोडला. "त्याले एवढंच लागलं?" असं मंदाबाई दवाखान्यात म्हणाली होती. त्यानंतर तिने त्याचं नाव कधी काढलं नाही. तिने माफ करून टाकलं, असं गल्ली म्हणायची. गल्लीला काय, बाई शांत दिसली की झालं.

सांजोऱ्या तिच्याकडून मागवल्या होत्या, पण सिनेमात योगराज आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. ती डबा कुणा पोराच्या हाती पाठवील असं धरून चालले होते. ती स्वतःच आली. खुर्चीतलं ते पांढरं तोंड तिने पाहिलं. योगराज उठून उभा राहिला, मान खाली. हितेंद्र फोनवर आई शोधत होता. मंदाबाईने डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी बसते आईच्या कामाले."

हितेंद्रला तर देवच भेटला. "असा खरा चेहरा मिळत नसतो ताई!" असं तो माझ्या कानात म्हणाला. मी योगराजकडे पाहिलं. त्याने मानेनेच होकार दिला. मला वाटलं, दोघांनी मिटवायचं ठरवलं असेल, आपण मध्ये कशाला पडा? देवाशप्पथ, मला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये उंबरठ्याचा सीन लागला. योगराज आतल्या खोलीत, बोलावल्यावर यायचा. भिंतीवर त्याचाच फोटो हार घालून लावलेला. मंदाबाईने घागरीत पाणी ओतलं, खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. इतकं नीट, इतकं सावकाश, की कॅमेरावाला श्वास रोखून उभा होता. मग ती उंबरठ्याशी वाकली, बोट कुंकवात बुडवलं, दाबून टेकवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "योगराज जीवराम, ये. जेवाले ये."

"कट!" हितेंद्र हसला. "मावशी, सागर म्हणायचं. सागर!"

सगळे हसले. मंदाबाईने दुसऱ्यांदा 'सागर' म्हटलं, पण ते असं म्हटलं जसं भाजीवालीला भाव विचारावा. पहिलं जे होतं ते खरं होतं. जित्या माणसाची घागर, आखाजीच्या दिवशी, बापाच्या नावासकट! आमच्यात शत्रूचीसुद्धा कुणी भरत नाही. शिव्या देतील, कोर्टात खेचतील, पण हे नाही.

योगराजची एन्ट्री आली आणि योगराज नाही. आतली खोली रिकामी, मागचं दार उघडं. खालचा वॉचमन अजून थरथरत होता. "पांढऱ्या तोंडाचा माणूस आला, मोटरसायकलला किक मारली आणि हायवेकडे गेला," असं त्याने सांगितलं. फोन लावला तर बंद. हितेंद्र संतापला, "माझा पूर्ण दिवस गेला ना!" त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. मी त्याला तसंच सोडून आत गेले.

मंदाबाई घागरीपाशी बसून होती.

"मावशी, चुकून आलं का नाव?"

"नई." तिने माझ्याकडे पाहिलं. "जानूनच घेतलं. माह्या पोरीले नेऊन टाकलं रस्त्यावर आन् हा तोंडाले रंग लावून सिनेमे करते. मेल्याचं सोंग करते व! म्हटलं, कर मंग. पुरं कर."

"तो गेला. कुणाला न सांगता गेला."

"जाऊ दे."

"मोटरसायकलवर गेला मावशी. धुळ्याला."

तिचा हात खरबुजावर होता, तो तिथेच थांबला. रस्ता तोच होता. वाहन तेच होतं. तिचे ओठ पांढरे पडायला लागले. त्यांना मी काही रंग लावला नव्हता.

"फोन लाव त्याले," ती म्हणाली. "लाव ना व!"

फोन बंदच होता. तिने उठून पदराने उंबरठ्यावरचं बोट पुसायला घेतलं. पुसलं तसं कुंकू पसरत गेलं आणि डाग मोठा झाला. मी ओलं फडकं आणलं, तरी लाल सावली राहिलीच. इतक्यात हितेंद्र आत आला. त्याचा आवाज बदललेला होता. कुठल्याशा ग्रुपवर फोटो आला होता, पारोळ्याजवळ टेम्पो आणि मोटरसायकल. फोटो हललेला. मोटरसायकल काळी होती. योगराजचीही काळीच.

"जिल्ह्यात काळ्या मोटरसायकली कमी आहेत का?" मी ओरडले. ओरडले, कारण मलाही तेच वाटत होतं.

आम्ही तिघं हितेंद्रच्या गाडीत बसलो. एरंडोल मागे पडलं. मंदाबाई मागच्या सीटवर होती, आणि आरशात पाहायची माझी हिंमत होत नव्हती. मग तिने बोदवडला आपल्या भावाला फोन लावला. उखर्डू आबा, चार गावांत विधी सांगणारा माणूस. फोन तिने स्पीकरवर टाकला.

"आबा, जित्या मानसाची घागर भरली गेली तं काय करा लागते?"

"कोनाची भरली?"

तिने सांगितलं. मग म्हातारा असा भडकला की हितेंद्रने गाडी हळू केली. "तुले काही लाज हाये का मंदे? असं कोनी करतच नई, तं उतारा कुठून असीन त्याच्यावर? जे कोनी केलंच नई त्याचा उपाय कोन सांगीन? मले नको इचारू!" आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, काहीतरी सांगेल. नारळ फोड, लिंबू टाक, नदीत सोड. आपल्या लोकांकडे शिंकेवरसुद्धा उतारा असतो. याच्यावर नव्हता. आता मात्र मी खरी घाबरले.

"रोज मारत व्हते त्याले मनातल्या मनात," मंदाबाई म्हणाली. कुणाशी बोलत होती कोण जाणे. "सकायी उठली की पहिला त्याले मारायची, मंग चहा ठेवायची. पन असं नको व माय. रस्त्यावर नको. तिच्यावानी नको." मग म्हणाली, "माह्या पोरीची घागर मी अजून भरली नई. भरली की ती गेली असं व्हते. आन् त्याची भरून आली मी."

हितेंद्रचे डोळे भरले. तो पुढे बघून गाडी चालवत राहिला. बडबड्या माणूस, पण त्या दिवशी त्याने थीमचं नावही काढलं नाही.

पारोळ्याच्या अलीकडे गर्दी दिसली. टेम्पो आडवा, रस्त्यावर काचा, बाजूला मोटरसायकल चेपलेली. हितेंद्र गाडी थांबवायच्या आतच मंदाबाई दार उघडून उतरली. मी तिच्यामागे धावले. रस्त्यावर मातीने झाकलेला डाग होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिला पुढे जाता येईना.

"कोन व्हतं?" मीच विचारलं.

"पोऱ्या व्हता वं, मुकटीकडना," एक माणूस म्हणाला. "दवाखानामा लई गयात. जीव शे त्यानामा."

"त्याच्या तोंडाला रंग होता का? पांढरा?"

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, बाईला ऊन लागलं. "नही वं ताई. कशाना रंग?"

म्हणजे दवाखान्यात नेलेला तो पोरगा योगराज नव्हता. मी रस्त्याच्या कडेला खाली बसले. देवाचे आभार मानले आणि लगेच लाज वाटली, कारण तो कुणाचा तरी पोरगा होताच ना. मंदाबाईने त्या डागाला हात जोडले आणि गाडीत येऊन बसली. "चला," एवढंच म्हणाली.

पण योगराज मग होता कुठे? हा नसेल तर पुढचा असेल, असं मनात येत होतं. मुकटीला एक पूल आहे, त्याचा कठडा तुटलेला दिसला आणि मी काचेतून खाली वाकून पाहिलं. तो जुनाच तुटलेला होता. धुळ्यात शिरलो, पांझरा ओलांडली, देवपूर आलं. हितेंद्रला पत्ता माहीत होता. कॉलेजच्या मागे एका घराच्या वरच्या मजल्यावर योगराजची खोली. खाली त्याची मोटरसायकल उभी होती, सावलीत, साधी सरळ स्टँडवर. तिला पाहून मंदाबाईने भिंतीला हात टेकला.

घरमालकीण बाहेर आली. "त्याले सोधतस का? तो तं दुपारेच उना. तोंडवर बठ्ठं धवळं फासेल. मी तं घाबरीच गयी बाई. दार लावी लिधं त्यानी. तवयपशी काहीच आवाज नही."

दुपारी दार लावून घेतल्यापासून काहीच आवाज नाही. रस्त्यावरचा टेम्पो मी डोळ्यांपुढे आणला होता, पण खोलीतल्या पंख्याचा विचार आता पहिल्यांदा मनात आला. हितेंद्र दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. "योग्या! अरे योग्या!"

"सर बाजूले," मंदाबाई म्हणाली. तिने दारावर नुसती थाप मारली. "योगराज. मी हाये. कामिनीची आई."

आतून कडी निघाली.

तो उभा होता. जिवंत. तोंडावरचा पांढरा रंग घामाने ओघळून गळ्यापर्यंत उतरलेला, डोळ्यांखालचं काळं गालांवर आलेलं. इतकी भुतं रंगवली मी, पण कुठल्याच भुताला पाहून अशी भ्याले नव्हते. मंदाबाई त्याच्याकडे न बघता आत बघत होती, म्हणून मीही पाहिलं.

भिंतीशी दोन घागरी होत्या. लाल, नव्या, पाण्याने भरलेल्या. दोन्हींवर खरबूज. समोर एक पाट आणि एक ताट वाढलेलं. वरण, भात, वाटीत आमरस. पाटावर कुणी नव्हतं.

"हाई कामिनीनी शे," योगराज म्हणाला. "दर आखाजीले भरस मी."

मंदाबाईने दुसऱ्या घागरीकडे बोट केलं.

"हाई मनी."

हितेंद्रने माझा दंड धरला.

"तिच्या शेजारी दरवर्षी माझीही भरतो," योगराज आता आम्हाला कळावं म्हणून सरळ मराठीत बोलत होता, क्लासमध्ये बोलत असेल तसा शांत. "मी तेव्हाच गेलो मावशी. फक्त कुणी मानत नव्हतं. सगळे म्हणायचे, तू वाचलास, नशीबवान आहेस. आज तुम्ही माझं नाव घेतलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, निदान एका माणसाला तरी माहीत आहे. म्हणून इकडे निघून आलो. सकाळी भरूनच निघालो होतो, ताट वाढायचं राहिलं होतं."

बरं वाटलं, म्हणे! या बाईने त्याला मारायला जे केलं, ते तो वर्षानुवर्षं स्वतःच स्वतःला करत होता. मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते कळेना.

मंदाबाईने आधी त्याच्या तोंडात मारली. पांढरा रंग तिच्या तळहाताला लागला. मग ती खाली वाकली, त्या दुसऱ्या घागरीवरचं खरबूज उचलून जमिनीवर ठेवलं, घागर कडेवर घेतली आणि त्याचा हात धरून त्याला मोरीत ओढत नेलं. तिच्यात एवढा जोर कुठून आला? त्याला खाली बसवलं आणि घागरीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. थोडंथोडं नाही, सगळं. पदराने त्याचं तोंड घासायला लागली, लहान पोराचं घासतात तसं, कान, मान, भुवया. "कोन म्हने तू गेला?" असं म्हणत होती आणि घासत होती. "कोन म्हने? मी म्हटलं व्हतं. मीच म्हनते, नई गेला. जिता हायेस तू. मेल्या, जिता हायेस."

तो तिच्या खांद्यावर डोकं टेकवून मोठ्याने रडला. खालून घरमालकीण विचारत होती, काय झालं, काय झालं. हितेंद्र जिन्यात जाऊन बसला होता.

बऱ्याच वेळाने मंदाबाई उठली. ओल्या लुगड्यानेच खोलीत आली आणि कामिनीच्या घागरीसमोर उभी राहिली. खरबुजावरची सांजोरी बाजारची होती, एका कडेने फुटलेली. तिने ती सरळ केली.

"पितर कोन बसते हिचं?" तिने विचारलं.

"कुणी नाही," योगराज दारातून म्हणाला. त्याचं तोंड आता त्याचं स्वतःचं दिसत होतं, लाल आणि सुजलेलं. "कुणाला सांगणार मी? ताट वाढतो, थोडा वेळ बसतो, मग गायीला घालतो."

गेलेल्या बाईसाठी बाहेरची बाई बसवतात. आई बसत नाही. पण त्या दिवशी रीत सांभाळायचं सोंग कुणीच करत नव्हतं. मंदाबाई पाटावर बसली. घागरीकडे पाहून ती म्हणाली, "कामिनी, ये व माय. जेवाले ये." पोरीला तिने पहिल्यांदाच असं बोलावलं होतं. आवाज फाटला, पण नाव पूर्ण घेतलं. मग तिने भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला.

हितेंद्र जिन्यातून दाराशी आला होता, आम्ही तिघं बघत होतो. ती चावत राहिली. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तरी घास गिळला. मग तिने मान वर करून योगराजकडे पाहिलं.

"वरनात मीठ नई तुह्या," ती म्हणाली. "तिले अळनी चालत नव्हतं."

योगराज मीठ आणायला वळला.